ऐकणारा विषय बदलतो तेव्हा: लढून आलेल्या जवानांवर उपचार करणाऱ्यांविषयी

ग्वाल्हेरहून भिंड किंवा मुरैनाच्या रस्त्याला लागलं की पहाटे कडेकडेने धावणारी पोरं दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते. घरटी एक माणूस फौजेत, अशी गावं या पट्ट्यात आहेत. शिपाई म्हणून लागलेला मुलगा पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनीवर येतो तेव्हा त्याने चाळिशीही गाठलेली नसते. (२०२२पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी लागलेल्यांचं गणित वेगळं.) मग मुलांच्या शाळेसाठी तो शहरात घर करतो, पिंटो पार्क, दीनदयाल नगर, भिंड रोड या बाजूला. बँकेच्या दारात स्वतःच्या परवान्याची बंदूक घेऊन उभा असलेला गार्ड पुष्कळदा हाच माणूस असतो.

यांतले बहुतेक जण मनाने ठणठणीत असतात. हे ठासून सांगायला हवं, कारण फौजी म्हणजे तापट डोक्याचा, असा समज शहरात आहे आणि तो अन्यायाचा आहे. काही जणांच्या बाबतीत मात्र चकमक, सुरुंगाचा स्फोट, डोळ्यांदेखत गेलेला साथीदार, हे सगळं घडून वर्षं लोटली तरी संपलेलं नसतं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, जयेंद्रगंजात बसते, आणि माझ्याकडे असे माजी सैनिक येतात. कधी आधी त्यांच्या बायका येतात. दिवेलागणीनंतरची वेळ मागतात. १९३५पासून चालू असलेल्या इथल्या मानसिक आरोग्यशाळेच्या फाटकातून आत जाताना कोणी पाहिलं तर काय, ही भीती अजून गेलेली नाही.

ओळखीपाळखीचे लोक मला एकच विचारतात: "एवढं सगळं ऐकून तुला त्रास होत नाही का गं?" होतो. पण तो शोधायची जागा लोकांची चुकते. त्यांना वाटतं, थेरपिस्टला रात्री वाईट स्वप्नं पडत असतील. पडतातही. त्याहून गंभीर गोष्ट दिवसा, खुर्चीत बसून, समोरचा बोलत असताना घडते. आपलं ऐकणं कमी होऊ लागतं. नको त्या जागेवरून आपण अलगद बाजूला होतो, आणि हे आपल्या आधी समोरच्याला कळतं. थेरपिस्टची काळजी घेणं हा उपचाराचाच भाग का आहे, ते या एका गोष्टीवरून समजतं, म्हणून हा लेख.

आधी दुखणं कसलं, ते

जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर झोप उडणं, दचकणं, तेच ते आठवणं हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही आणि त्यापायी घर, नोकरी, नाती चालेनाशी झाली, तर त्याला पीटीएसडी म्हणतात. प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येतो. त्याची आठवण करून देणारं सगळं माणूस टाळू लागतो. स्वतःबद्दलचे, जगाबद्दलचे विचार काळवंडतात, आपली माणसंही परकी वाटतात. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असतं.

आमच्या भागात या माणसांचा सगळ्यात कठीण काळ म्हणजे लग्नसराई. बंदी असूनही वरातीत हवेत गोळ्या झाडायची हौस, ज्याला इथे हर्ष फायरिंग म्हणतात, ती पुरती गेलेली नाही. असा माणूस मंडपात भिंतीला पाठ लावून उभा राहतो, जेवत नाही, दहा मिनिटांत बायकोला "चलो" म्हणतो. नातेवाईक म्हणतात, फौजी अकडू आहे.

पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणत. १९१५मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं आणि ते नाव वैद्यकात रुळलं. पीटीएसडी हे निदान अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलं ते थेट १९८०मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. मधली पासष्ट वर्षं सैनिक तेच सोसत होते आणि त्यांना भेकड, दारुडे किंवा वेडे ठरवलं जात होतं.

उपचार, आणि समोरच्या खुर्चीतून तो कसा दिसतो

या आजारावरच्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या उपचारांपैकी एक एडना फोआ यांनी बांधला. साधारण आठ ते पंधरा सेशन, एकेक दीड तासापर्यंतचं. रुग्ण डोळे मिटतो आणि तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो: मी चालतोय, पुढे अमुक आहे, आता आवाज येतो. शेवटापर्यंत पोचला की पुन्हा सुरुवातीपासून. मधूनमधून त्याला विचारायचं, त्रास शून्य ते शंभरात किती? हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड होतं आणि घरी जाऊन त्याने ते रोज ऐकायचं असतं. यामागचा विचार असा: टाळल्यामुळे भीती ताजी राहते. पुन्हा पुन्हा सांगितल्यावर शरीराला पटू लागतं की हे आत्ता घडत नाहीये, घडून गेलंय. पेट्रिशिया रेसिक यांच्या बारा सेशनच्या पद्धतीत भर विचारांवर असतो. 'मी मागे वळून पाहिलं असतं तर तो वाचला असता' यासारखं जे वाक्य मनात रुतून बसलेलं असतं, ते बाहेर काढून रुग्णासोबत तपासायचं. डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने केली जाणारी ईएमडीआर ही तिसरी पद्धत.

आता हेच थेरपिस्टच्या जागी बसून पाहा. एकच मरण तुम्ही एका सेशनमध्ये तीन-चार वेळा ऐकता. पुढच्या आठवड्यात पुन्हा. तपशील तुम्हीच मागता: वास कसला होता? हाताला काय लागलं? क्रूरपणा म्हणून नव्हे, भीती बहुधा तिथेच अडकलेली असते म्हणून. रुग्ण डोळे मिटून बोलतो, तुम्हाला मिटता येत नाहीत. तो सांगतो ते समजून घ्यायचं तर चित्र तुमच्या डोक्यात उभं राहावंच लागतं. तो दार लावून गेला की ते चित्र तुमच्यापाशी राहतं, आणि दहा मिनिटांनी दुसरा येतो.

याचे परिणाम तीन प्रकारचे. लोक ते एकाच पोत्यात भरतात, म्हणून वेगळे करून सांगते.

पहिला, दुय्यम आघात. थेरपिस्टलाच पीटीएसडीसारखी लक्षणं होतात. रुग्णाने सांगितलेलं दृश्य भाजी चिरताना डोळ्यांपुढे येतं, फटाका वाजला की छाती धडधडते, आणि फटाक्यांचा आपल्या आयुष्याशी कधी काही संबंध नव्हता. चार्ल्स फिग्ली यांनी १९९५मध्ये हा विषय सविस्तर मांडला. ते स्वतः व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून लढून आले होते. मनोविकारांच्या त्याच अमेरिकी यादीच्या २०१३च्या आवृत्तीने तर मान्यच केलं की कामाचा भाग म्हणून आघाताचे भीषण तपशील वारंवार समोर येत असतील तर त्यातूनही पीटीएसडी होऊ शकतो.

दुसरा प्रकार संथ असतो आणि मला अधिक घातक वाटतो. लिसा मॅककॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी १९९०मध्ये तो दाखवून दिला. लक्षणं फारशी नसतात, पण जगाकडे पाहायची नजर बदलते. मुलगी शिकवणीहून पाच मिनिटं उशिरा आली की मन थेट शेवटच्या टोकाला जातं. कोणाचा शब्द खरा वाटत नाही. देवळात गेलं तरी हात जोडताना आतून काही येत नाही. हे इतकं सावकाश होतं की माणूस त्याला वयाचा शहाणपणा समजतो.

तिसरा बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, आणि त्याचा जवानांच्या कहाण्यांशी थेट संबंध नाही. कामाचा ढीग, कमी पगार, कागदपत्रं, वरून पाठिंबा नसणं यांतून तो येतो. बँकेतल्या माणसालाही होतो. रजा घेऊन तो बराच उतरतो. पहिले दोन रजेने उतरत नाहीत, आणि हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ थेरपिस्टना "चार दिवस पचमढीला जाऊन ये" एवढाच सल्ला मिळतो.

रेकॉर्डिंगमधली एक जागा

शिकाऊ थेरपिस्टची सेशन्स रुग्णाच्या लेखी परवानगीने रेकॉर्ड करून वरिष्ठ ऐकतात. याला सुपरव्हिजन म्हणतात. माझ्याकडे काम शिकणाऱ्या एका मुलीचं रेकॉर्डिंग आम्ही दोघी ऐकत होतो. (ओळख पटू नये म्हणून बारकावे बदलले आहेत.) निवृत्त हवालदार, आवाज शांत. एका घराच्या झडतीचं सांगत होता. म्हणाला, "दरवाज़े के पीछे कोई था, मैडम. छोटा था."

मग पंख्याचा आवाज. बराच वेळ नुसता पंखा.

मग हिचा आवाज: "अच्छा… और नींद कैसी है आजकल? गोली ले रहे हैं न?"

"जी मैडम. ले रहा हूँ."

पुढचा अर्धा तास तो गोळ्यांबद्दल बोलला. अतिशय अदबीने.

मी रेकॉर्डिंग थांबवून तिला विचारलं, इथे काय झालं? ती म्हणाली, "ताई, मला वाटलं त्यांना फार त्रास होतोय, म्हणून जरा थांबवलं." आम्ही तोच तुकडा पुन्हा लावला. त्याचा आवाज स्थिर होता. भराभर चाललेला श्वास ऐकू येत होता तो तिचा. तिचा मुलगा चार वर्षांचा आहे.

पुढच्या सेशनला काय बोलायचं, ते आम्ही बसून ठरवलं. ती म्हणाली, "पिछली बार आप दरवाज़े पर थे. मैं वहीं से सुनना चाहती हूँ." त्याने विचारलं, "सुन लेंगी आप?" आणि मग सांगितलं. दारामागे लहान मुलगी होती. त्याची बंदूक रोखलेली होती, बोट घोड्यावर होतं. त्याने गोळी झाडली नाही. मुलगी जिवंत राहिली. पण आपण किती जवळ गेलो होतो, हे त्या दिवसापासून त्याच्या हातांत बसलं होतं, आणि स्वतःच्या मुलीला उचलून घेणं त्याने सोडून दिलं होतं.

त्या मधल्या आठवड्यात त्याला काय वाटलं होतं, हेही त्याने नंतर सांगितलं: मॅडमना वाटलं मी तिला मारलं, आणि आता त्यांना माझी किळस आलीय. एका प्रश्नाने, तोही झोपेबद्दलच्या साध्या प्रश्नाने, एवढं झालं होतं.

त्या शिकाऊ मुलीत काही उणं नव्हतं. चांगली थेरपिस्ट आहे ती. चार वर्षांच्या मुलाच्या आईच्या मनाने जे करायचं तेच केलं. पण रेकॉर्डिंग ऐकणारं दुसरं माणूस नसतं तर तिला आजही वाटत राहिलं असतं की आपण रुग्णाची काळजी घेतली.

सॅरा हेली यांनी काय ऐकलं

यावरचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा लेख १९७४चा आहे. लिहिणाऱ्या सॅरा हेली डॉक्टर नव्हत्या, समाजकार्यकर्त्या होत्या, बोस्टनला माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात. सप्टेंबर १९६९मध्ये त्या नोकरीवर रुजू झाल्या त्याच सुमारास एक तरुण व्हिएतनामहून परतून तिथे आला. आपल्या तुकडीने एका गावातल्या बायका-मुलांना मारलं, मी गोळी झाडली नाही, आणि आता साथीदार माझ्या जिवावर उठलेत, असं त्याचं म्हणणं. रुग्णालयातल्या जाणत्या मंडळींनी निदान केलं: संशयाचा भ्रम, स्किझोफ्रेनिया. हेली यांना ते खरं वाटलं. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढले होते, युद्धात काय काय होतं ते त्यांनी घरात ऐकलेलं होतं. त्या गावाचं नाव माय लाय. १६ मार्च १९६८च्या त्या हत्याकांडाची बातमी जगाला कळली ती नोव्हेंबर १९६९मध्ये.

ते डॉक्टर दुष्ट नव्हते. ऐकवत नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकलेल्याला आजार ठरवलं. हेली यांचं म्हणणं असं की अत्याचार पाहिलेल्या किंवा केलेल्या सैनिकावर उपचार करायचे तर थेरपिस्टने आधी स्वतःच्या मनातली भीती आणि तिटकारा यांच्याकडे पाहायला हवं. अशा रुग्णाशी विश्वासाचं नातं जुळणं ही उपचाराची पूर्वतयारी नसून तोच उपचार आहे.

विषय बदलण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो फार प्रेमळ असतो. धीर देणं. जोनाथन शे हे बोस्टनमधलेच मानसोपचारतज्ज्ञ. भीतीपेक्षा वेगळी अशी एक जखम त्यांनी १९९४मध्ये दाखवली, तिला आता मॉरल इंज्युरी म्हणतात. जे करायला नको होतं ते हातून घडलं, किंवा ज्यांच्यावर भरवसा त्या वरिष्ठांनीच दगा दिला, यातून होणारी. ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये ती पुढे मांडली. भीतीच्या दुखण्यात रुग्ण म्हणतो, मी मरेन. इथे तो म्हणतो, मी जगायच्या लायकीचा नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर जिंकलेला आहे आणि त्याला राज्य नको आहे. कर्ण सख्खा भाऊ होता हे युद्धानंतर कळलंय. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, कृष्ण आणि व्यास समजावतात: तू क्षत्रियाचा धर्म पाळलास. ते सगळं बरोबर असतं आणि त्याला काडीचाही आराम पडत नाही. शेवटी तो शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे जातो, आणि आपल्यामुळेच त्या अवस्थेत असलेल्या माणसापुढे बसतो. "तुम्ही तर देशासाठी केलंत" हे वाक्य जवानाला घरात, गावात, पंधरा ऑगस्टच्या व्यासपीठावर हजारदा ऐकायला मिळालेलं असतं. थेरपिस्टनेही तेच म्हटलं की त्याला कळतं, इथेही बोलायची सोय नाही. दोषातून चटकन मोकळं करायची ही घाई पुष्कळदा थेरपिस्टच्या स्वतःच्या आरामासाठी असते.

फौजी आधी तुमची परीक्षा घेतो

पहिल्या भेटीतला ठरलेला प्रश्न: "मैडम, आपके घर से कोई फ़ौज में है?" त्यामागचा खरा प्रश्न असतो की सांगितलं तर तुम्हाला झेपेल का. माणसं एक छोटी, सोसवेल अशी गोष्ट टाकून पाहतात आणि तुमचा चेहरा वाचतात. वर्षानुवर्षं चेहरे वाचण्यावर ज्यांचा जीव अवलंबून होता, त्यांच्यापासून काही लपत नाही. कोणी ठिकाणाचं नाव सांगत नाही, कारण सेवेतल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात हे अंगात मुरलेलं असतं. नावाची गरजही नसते. खोली, दार, वेळ, वास एवढं पुरतं.

नागरी थेरपिस्टला हुद्दे, पल्टनीच्या चालीरीती शिकून घ्याव्या लागतात. वर्दीतल्या मानसोपचारतज्ज्ञाला हे सगळं ठाऊक असतं, पण त्याच्यापुढे वेगळाच पेच असतो. सेनेत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांनी ठरते, आणि त्यातलं पहिलं 'एस' मानसिक स्थितीचं. तिथे श्रेणी खाली आली तर नेमणूक आणि बढती दोन्हींवर परिणाम होतो. रुग्णाला हे माहीत असतं, म्हणून तो तोलून बोलतो. डॉक्टर एकाच वेळी त्याचाही असतो आणि सेनेचाही. पहिल्या महायुद्धात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात विल्यम रिव्हर्स हेच करत होते: अधिकाऱ्यांना बरं करायचं आणि बरे झाले की पुन्हा आघाडीवर धाडायचं. हे रिव्हर्स त्याआधी, १९०१-०२मध्ये, निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून अभ्यास करून गेले होते. या दुहेरी कामाचा त्यांच्या मनावर काय ताण पडला, ते त्यांनी स्वतःच्याच स्वप्नांच्या आधारे लिहून ठेवलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२३मध्ये छापून आलं. उपचार करणाऱ्याने स्वतःच्या मनाकडे पाहणं ही काही नव्या काळाची टूम नाही.

आणि बंदूक. आमच्या भागात थेरपिस्टला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा लागतो: घरात हत्यार आहे का, कुठे असतं, काडतुसं कुठे असतात? निराश, न झोपणारा, पिणारा माणूस आणि हाताशी बंदूक, हे एकत्र आलं की धोका कित्येक पटींनी वाढतो. आत्महत्येचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढा वेळ हत्यार हाताशी नसलं तर माणूस वाचू शकतो. पण बँकेच्या गार्डची बंदूक म्हणजे त्याची भाकरी. ती काढून घ्या म्हणणं सोपं नसतं. मग भावाशी बोलायचं, काही दिवस ती परवानाधारक दुकानदाराकडे किंवा ठाण्यात जमा ठेवता येईल का पाहायचं, काडतुसांची किल्ली वहिनींकडे द्यायची. शुक्रवारी संध्याकाळी हे सगळं ठरवून रुग्ण घरी जातो, आणि सोमवारपर्यंत थेरपिस्टचा एक कान फोनकडे असतो. या कामातला सगळ्यात जड भाग कोणता असं विचाराल तर माझं उत्तर हे दोन दिवस.

कशाने निभतं

एक्स-रे विभागात काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. त्याच्या शरीरावर किती किरण पडले, ते त्यातून ठराविक काळाने मोजतात. बॅज लावला म्हणून कोणी त्याला घाबरट म्हणत नाही, आणि प्रमाण वाढलं तर त्याच्या मनोधैर्यावर व्याख्यान देत नाही. आघाताचं काम करणाऱ्याकडे तसंच पाहायला हवं. मोजायची साधनं आहेत: बेथ हडनॉल स्टॅम यांची तीस प्रश्नांची प्रश्नावली दुय्यम आघात, बर्नआउट आणि कामातलं समाधान हे तिन्ही वेगवेगळं दाखवते. कोणाला जास्त जपायला हवं, याचाही अभ्यास झालाय. पर्लमन आणि मॅक इयन यांनी १९९५मध्ये आघाताचं काम करणाऱ्या १८८ थेरपिस्टांचा अभ्यास केला, त्यात या कामात नवख्या असलेल्यांना आणि पूर्वायुष्यात स्वतः आघात सोसलेल्यांना त्रास अधिक दिसला. आपल्याकडे नेमकी नवखी मुलंच जड केसेसवर बसवली जातात, कारण दुसरं कोणी नसतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकांमागे ०.०५ मानसोपचारतज्ज्ञ होते, केरळात १.२.

नियमित सुपरव्हिजनला पर्याय नाही. एम.फिल.च्या दोन वर्षांत ते मिळतं, पुढे बहुतेकांचं थांबतं. मी अजूनही माझ्या जुन्या बाईंना पुण्याला फोन लावते आणि केस मांडते, नाव-गाव न सांगता. बाई उत्तरं देत नाहीत. "तू तिथे थांबलीस का?" एवढं विचारतात. त्याखेरीज, दिवसात आघाताच्या केसेस किती घ्यायच्या याला मर्यादा. दोन सेशनमध्ये वीस मिनिटं, त्यात मोबाइल बघायचा नाही, उठून चालायचं. योगासनं, गाणं, बागकाम यांच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण संस्था सुपरव्हिजनचा तास देत नाही आणि भिंतीवर 'स्वतःची काळजी घ्या' असं पोस्टर लावते तेव्हा ओझं पुन्हा त्याच माणसावर पडतं, आणि याचा मला संताप येतो.

आणि या कामातून मिळतंही पुष्कळ. कोलंबियात राजकीय हिंसाचाराच्या बळींसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टांच्या मुलाखतींवरून पिलार हर्नांदेझ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये मांडलं की रुग्णाची उभारी पाहून थेरपिस्टमध्येही बळ येतं, स्वतःच्या अडचणींकडे पाहायची दृष्टी बदलते. हे मी रोज पाहते. उपचाराचा एक भाग म्हणजे टाळलेल्या जागांची उतरंड लिहून एकेक पायरी चढणं. आधी सकाळी फूलबागेत बाकावर अर्धा तास. मग भरदुपारी दाल बाजार. मग दिवाळीच्या तोंडावर महाराज बाडा, पाठीमागे गर्दी ठेवून. शेवटी लग्न. घाम फुटलेला, शंभरात नव्वद त्रास सांगणारा माणूस तरीही तिथे उभा राहतो आणि वीस मिनिटांनी म्हणतो, "पचास." याला मी धैर्य म्हणते, आणि ते इतक्या जवळून पाहायला मिळणारी दुसरी नोकरी मला माहीत नाही.

घरात असा कोणी असेल तर थेरपिस्ट निवडताना एक प्रश्न निःसंकोच विचारा: तुम्ही स्वतः केसबद्दल कोणाशी सल्लामसलत करता? चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावला जाणार नाही. "मला गरज पडत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे पाहा. तातडीने बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, आणि सेनादलांसाठीचा त्याचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ला सुरू झाला. गुप्ततेची काळजी फौजी घरांत सगळ्यात मोठी असते, म्हणून सांगते: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या २३व्या कलमाने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कोणाच्या जिवाला धोका असणं यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमची माहिती बाहेर जाऊ शकत नाही. सुपरव्हिजनमध्ये नाव, गाव, पल्टन सांगितली जात नाही. रेकॉर्डिंगला तुमची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. ती तुम्ही कधीही मागे घेऊ शकता, आणि नाही म्हटलंत तरी उपचार थांबत नाहीत.